शेतावरच्या नव्या स्विमिंग पूलचं पाणी चार दिवसांत हिरवं होतं, काय चुकतंय?

बहुतेक क्लोरीन टाकायची वेळ. आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो आणि ऊन क्लोरीन खाऊन टाकतं. सकाळी टाकलेलं दुपारपर्यंत संपतं. दिवस मावळल्यावर टाका, रात्रभर पंप चालू ठेवा. मीही पहिल्या उन्हाळ्यात डबेच्या डबे ओतले, तेही भर दुपारी!

अंदाजाने काही टाकू नका, आधी टेस्ट किट घ्या. पीएच (पाणी किती आंबट की खारं ते सांगणारा आकडा) ७.२ ते ७.८, मोकळं म्हणजे अजून न वापरलं गेलेलं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत एवढे भाग). पीएच ८च्या वर गेला की क्लोरीन असून नसल्यासारखं. बोअरचं जड पाणी असेल तर टाइल्सवर पांढरा थरही धरतो.

शेवाळ भिंतीला चिकटतं, ब्रशने घासल्याशिवाय औषध लागू पडत नाही. वाळूच्या फिल्टरचा दाब नेहमीपेक्षा ८-१० पीएसआय वाढला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टरची वाळू धुवायची. ते पाणी लगेच केळीला सोडू नका, क्लोरीन उडू द्या.

आणि हो, ॲसिड व क्लोरीन कधीच एकत्र करू नका, विषारी वायू होतो. क्लोरीनची पावडर पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही.