वाचकांचे प्रश्न : मायक्रोस्कोपमधून फोटो काढताना

पुणे परिसरातल्या हौशी वाचकांचे मायक्रोस्कोप-छायाचित्रणाबद्दलचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच अडचणीची पत्रे एकत्र केली आहेत.

मुलीच्या बीएस्सीसाठी घेतलेला मायक्रोस्कोप घरी आहे. आयपीसवर मोबाइल धरला की मधे छोटंसं गोल दिसतं, भोवती सगळं काळं. हात जरा हलला की तेही जातं. मोबाइल बदलावा लागेल का?
– कोथरूड

मोबाइल बदलू नका. आयपीसमधून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, निघालेला प्रकाश काचेच्या थोडा वर एका बारीक ठिपक्यात एकवटतो. ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडकडचे भिंग) १०एक्स, म्हणजे दहापट मोठे दाखवणारे, आणि आयपीसही १०एक्स असेल तर हा ठिपका साधारण सव्वा मिलिमीटरचा असतो, ४०एक्सला जेमतेम ०.८ मिलिमीटर. मोबाइलचे भिंग नेमके तिथे यायला हवे. ते वर-खाली झाले तर कडा काळ्या पडतात, बाजूला सरकले तर चंद्रकोर उरते. हाताने ही जागा धरून ठेवणे कुणालाच जमत नाही.

आधी उंची शोधा. दिवा लावून आयपीसवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा आडवा धरा आणि हळूहळू वर न्या. प्रकाशाचे वर्तुळ सगळ्यात लहान आणि रेखीव दिसेल ती उंची पट्टीने मोजा. मग आयपीसवर घट्ट बसेल अशी पीव्हीसी पाइपची किंवा पुठ्ठ्याची कडी करा आणि मोबाइलच्या जुन्या कव्हरला चिकटवा. मोबाइलचे भिंग काचेच्या आत दोन-तीन मिलिमीटर असते, म्हणून कडी तेवढी आखूड ठेवावी लागते. आधी लांब कापा, मग घासत आणा.

दोन-तीन कॅमेऱ्यांच्या मोबाइलमध्ये मुख्य कॅमेराच वापरायचा, वाइड नाही. काही मोबाइल वस्तू जवळ दिसली की आपणहून मॅक्रोवर उडी मारतात. ती सोय सेटिंगमध्ये बंद करा. झूम दीडपट-दुप्पट केले की काळी कड चौकटीबाहेर जाते. स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, उजेड किंचित कमी करा, आणि बटण न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावा.

फोटोत डाग दिसत असतील तर आयपीस फिरवून पाहा. डाग फिरला तर तो आयपीसवर आहे, स्लाइड सरकवल्यावर सरकला तर स्लाइडवर. दोन्ही वेळा जागेवरच राहिला तर आधी मोबाइलचे भिंग पुसा.

१०एक्सला फोटो छान येतो, पण ४०एक्सला सगळं धुक्यात असल्यासारखं. ऑब्जेक्टिव्ह खराब आहे का?
– बिबवेवाडी

बहुतेक वेळा ऑब्जेक्टिव्ह चांगले असते, फक्त घाण असते. १००एक्ससाठी स्लाइडवर घातलेले तेल तसेच ठेवून ऑब्जेक्टिव्हची फिरती चकती मागे ४०एक्सवर फिरवली की ते पुढच्या काचेला लागते. ४०एक्स कोरडे वापरायचे ऑब्जेक्टिव्ह आहे. तपासण्यासाठी ते काढून घ्या आणि आयपीस उलटा धरून त्यातून पुढची काच पाहा. उलटा आयपीस उत्तम भिंगाचे काम करतो. तेलाचा थर दिसला तर लेन्स पेपरवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घेऊन मधून कडेकडे पुसा, दर वेळी नवा कागद. शर्टाचे टोक नको.

काच स्वच्छ असेल तर स्लाइड उलटी तर नाही ना, ते पाहा. हसू नका, हे नेहमी घडते. ४०एक्सचे टोक नमुन्यापासून अर्ध्या-पाऊण मिलिमीटरवर असते आणि स्लाइडची काच एक मिलिमीटरहून जाड. त्यामुळे कव्हरस्लिप (नमुन्यावर ठेवायची पातळ काच) खाली गेली की फोकस होतच नाही आणि ऑब्जेक्टिव्ह काचेवर टेकते. १०एक्सला मात्र उलटी स्लाइडही स्पष्ट दिसते, म्हणून चूक लक्षात येत नाही.

तिसरे कारण कव्हरस्लिपचे. ऑब्जेक्टिव्हवर ‘१६०/०.१७’ असे कोरलेले असते. १६० हा नळीच्या लांबीचा आकडा आणि ०.१७ ही कव्हरस्लिपची जाडी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. बाजारात सहसा एक नंबरची (०.१३ ते ०.१६) मिळते, दीड नंबरची (०.१६ ते ०.१९) मागून घ्यावी. कव्हरस्लिप अजिबात न लावणे किंवा तिच्याखाली पाण्याचे तळे ठेवणे हे मात्र तिच्या नंबरापेक्षा जास्त भोवते. जादा पाणी टिपकागदाने काढा.

एवढे करूनही चित्र फिके वाटले तर उजेडाकडे वळा. कंडेन्सर (स्लाइडखालचे, प्रकाश एकवटणारे भिंग) जवळजवळ वरपर्यंत चढवा. आयपीस काढून नळीत पाहिले की प्रकाशाची गोल चकती दिसते. कंडेन्सरचा डायफ्रॅम (मिटता-उघडता पडदा) तिचा ७० ते ८० टक्के व्यास उरेपर्यंत मिटवा आणि आयपीस परत बसवा. डायफ्रॅम पूर्ण उघडा ठेवला तर चित्र धुतल्यासारखे दिसते. तो फार मिटवला तर कडांना काळ्या दुहेरी रेघा येतात, आणि नवख्यांना हेच ‘शार्प’ वाटते. ऑगस्ट कोहलर यांनी १८९३ मध्ये मांडलेली प्रकाशयोजना पूर्ण करायला दिव्यापाशी आणखी एक डायफ्रॅम लागतो. कॉलेजच्या मॉडेलमध्ये तो नसतो, पण वर सांगितलेला अर्धा भाग कुठल्याही मायक्रोस्कोपवर करता येतो.

१६ मेगापिक्सेलचा यूएसबी आयपीस-कॅमेरा घेऊ की घरातला जुना डीएसएलआर (आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) जोडू?
– औंध

मेगापिक्सेलचा आकडा बाजूला ठेवा. किती बारीक दिसेल हे ऑब्जेक्टिव्हवर ‘४०/०.६५’ असे लिहिलेले असते त्यातल्या दुसऱ्या आकड्यावर, म्हणजे न्यूमरिकल अपर्चरवर (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश घेते त्याचे माप), ठरते. हिरव्या प्रकाशात (तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दोन बिंदू वेगळे दिसण्याचे अंतर म्हणजे ०.६१ गुणिले ०.५५ भागिले ते अपर्चर. १०एक्सला अपर्चर ०.२५, म्हणजे १.३४ मायक्रॉन. ४०एक्सला ०.६५, म्हणजे ०.५२ मायक्रॉन. हे अंतर दहापट किंवा चाळीसपट होऊन नळीत अनुक्रमे १३ आणि २१ मायक्रॉनचे होते. प्रत्येक अंतरावर दोन पिक्सेल हवेत, तेव्हा साडेसहा मायक्रॉनचा पिक्सेल १०एक्सला पुरतो आणि ४०एक्सला तर त्याहून मोठाही चालतो. १८ मिलिमीटरचे पूर्ण दृश्यक्षेत्र या हिशेबाने सात-आठ मेगापिक्सेलमध्ये मावते. रंगीत सेन्सरसाठी थोडे जास्त धरा, पण १६चा आग्रह कशाला? स्वस्त कॅमेऱ्यांत तो आकडा पुष्कळदा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो.

खरी अडचण सेन्सरच्या आकाराची. आयपीस-कॅमेऱ्याचा सेन्सर सहा मिलिमीटर रुंद असेल तर डोळ्याला दिसणाऱ्या वर्तुळाचा मधला तुकडाच फोटोत येतो. त्यासोबत ०.५एक्सचे रिड्यूसर (चित्र निम्मे लहान करणारे भिंग) मिळत असेल तरच घ्या.

डीएसएलआर हाताशी असेल तर त्याचा सेन्सर पुरेसा मोठा आहे. लेन्स काढून अडॅप्टरने थेट नळीवर बसवता येतो. फक्त लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र पाहण्याची सोय) चालू ठेवा, नाहीतर आरसा आपटल्याचा हादरा फोटोत उतरतो. एक सावधगिरी: काही जुन्या कंपन्यांची ऑब्जेक्टिव्ह रंगदोषाची उरलेली दुरुस्ती आयपीसवर सोडतात. आयपीसशिवाय फोटो काढल्यावर कडेला लाल-निळ्या किनारी आल्या तर कारण हेच. आणि जुन्या बाजारात सुटे ऑब्जेक्टिव्ह घेताना १६०च्या जागी आडव्या आठचे चिन्ह असेल तर ते तुमच्या नळीवर चालणार नाही.

व्हिडिओत आडवे पट्टे वर-खाली सरकतात.
– हडपसर

आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा. तरीही पट्टे राहिले तर दोष एलईडीच्या डिमरचा. उजेड पूर्ण वाढवा, दिव्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून तो कमी करा. उजेड कमी करायला कंडेन्सरचा डायफ्रॅम वापरू नका, त्याचे काम वेगळे आहे.

पाषाण तलावाच्या पाण्यातले जीव काळ्या पार्श्वभूमीवर चमकताना टिपायचे आहेत. पण ते थांबतच नाहीत.
– पाषाण

काळ्या पार्श्वभूमीला लागते एक पुठ्ठ्याची चकती. १०एक्स लावून आयपीस काढा, नळीतल्या प्रकाशचकतीच्या कडेला डायफ्रॅमची कड नेमकी भिडेपर्यंत तो मिटवा. आता खालून त्याचे भोक पट्टीने मोजा. त्याच्या दहा टक्के मोठी चकती काळ्या कार्डपेपरमधून कापा, पारदर्शक प्लास्टिकच्या मधोमध चिकटवा आणि कंडेन्सरखालच्या फिल्टरच्या खाचेत ठेवा. मग डायफ्रॅम पूर्ण उघडा. पार्श्वभूमी राखाडी दिसली तर चकती केंद्रात नाही किंवा कंडेन्सर खाली आहे. ४एक्स आणि १०एक्सला हे छान जमते. ४०एक्सला चकतीभोवती प्रकाशाची अगदी बारीक कड उरते, म्हणून तो नाद सोडा.

स्लाइडवरचा प्रत्येक धूलिकण या पद्धतीत ताऱ्यासारखा चमकतो, तेव्हा स्लाइड साबणाने धुऊन घ्या. कॅमेरा काळोख पाहून उजेड वाढवतो आणि जीव पांढरे फटक येतात, म्हणून एक्स्पोजर एक-दोन स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा).

जीव आवरायला थेंबात कापसाचे चार-पाच तंतू पिंजून टाका, ते त्या जाळीत अडकतात. नाहीतर टिपकागदाने कडेचे पाणी हळूहळू ओढा, कव्हरस्लिप किंचित दाबली जाते. फार ओढले तर जीव फुटतात. कडांना व्हॅसलीन लावले तर थेंब लवकर सुकत नाही. नमुना मोकळ्या पाण्याचा घेऊ नका, पाणवनस्पतीचा देठ बाटलीत पिळून घ्या.

फोटोखाली ‘४००एक्स’ लिहिलं तर चालेल?
– सिंहगड रस्ता

नको. तोच फोटो मोबाइलवर आणि टीव्हीवर वेगळ्या आकाराचा दिसतो, मग ४०० कशाचे? स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे एक मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेली स्लाइड, प्रत्येक ऑब्जेक्टिव्हने त्याच झूमवर एकदा टिपून ठेवा. एक भाग १० मायक्रॉनचा. इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यावरून मोजपट्टी काढता येते. नंतर झूम बदलले तर जुने मोजमाप बाद.

पावसाळ्यात भिंगांवर बुरशीचे तंतू आले.
– शनिवार पेठ

लाकडी पेटी आणि फोम ओल धरतात. मायक्रोस्कोप पूर्ण कोरडा, तेल पुसलेला, हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येते. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असते, स्वयंपाकाच्या भांड्यात ते भाजू नका. बुरशी बाहेरच्या काचेवर असेल तर वर सांगितल्याप्रमाणे पुसा. ४०एक्स किंवा १००एक्सच्या आत असेल तर घरी खोलू नका. आतली भिंगे केसभर सरकली तरी ऑब्जेक्टिव्ह वाया जाते.