दात पडलाय, इम्प्लांट करू का?

प्रश्न : माझी आई 66 वर्षांची, शुगर आहे. खालच्या उजव्या बाजूच्या मागच्या दोन दाढा पाच-सहा वर्षांपूर्वी काढल्या, तेव्हापासून ती डावीकडूनच जेवते. एका डॉक्टरने इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर नवा दात) सांगितलं, दुसरे म्हणाले कशाला एवढा खर्च, ब्रिज (पुढच्या-मागच्या दातांच्या आधाराने बसवलेले दात) करा, आणि शेजारची काकी म्हणते या वयात जबड्यात स्क्रू कसला घालता. कोणाचं ऐकू? – एक वाचक, डिचोली

उत्तर : काकींचं तर ऐकूच नका, वयाचा यात फारसा संबंध नाही, सत्तरी ओलांडलेल्या लोकांनाही इम्प्लांट छान बसतात. संबंध आहे तो हाडाचा आणि शुगरचा. दाढ काढली की तिथलं हाड झिजायला लागतं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, आणि तुमच्या आईच्या बाबतीत तर पाच-सहा वर्षं गेलीत, म्हणजे आता किती उरलंय ते साध्या एक्स-रेवर नीट कळत नाही, सीबीसीटी नावाचा थ्रीडी स्कॅन करावा लागतो. खालच्या जबड्यात हाडाच्या आतून एक नस जाते, स्क्रूचं टोक तिच्यापासून निदान दोनेक मिलीमीटर लांब राहायला हवं, नाहीतर ओठ-हनुवटी बधिर होऊ शकते. स्कॅन न काढता कोणी थेट तारीख देत असेल तर मी तरी तिथून उठेन.

ब्रिजचं म्हणाल तर आधी आईच्या तोंडात बघा, मागे अक्कलदाढ आहे का? नसेल तर ब्रिजला मागून धरायला दातच नाही, विषय संपला. असेल तरी दोन दाढांचा भार पुढच्या एका आणि त्या अक्कलदाढेवर पडणार, ती बहुतेक वाकडी झालेली असते, शिवाय ब्रिजसाठी दोन्ही चांगले दात घासून लहान करावे लागतात ते वेगळंच. उरली काढायची-घालायची कवळी. ती स्वस्त आहे, पण एकाच बाजूची खालची कवळी हलते, खाली कण जातात, पेडव्याचा काटा अडकला की माणूस ती काढून रुमालात गुंडाळतो आणि मग कायमची ड्रॉवरमध्ये. तरी शुगर आटोक्यात नसेल तर तात्पुरती तीच बरी.

शुगरसाठी एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. सातच्या आसपास असेल तर बहुतेक डॉक्टर पुढे जातात, नऊ-दहा असेल तर आधी ते खाली आणा, जखम भरत नाही आणि हाड स्क्रूला धरत नाही. आणखी एक, आईला हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल तर ते डेंटिस्टना आधी सांगा, त्या औषधांवर जबड्याचं हाड क्वचित पण वाईट बिघडतं. रक्त पातळ करायची गोळी असेल तर स्वतःच्या मनाने बंद करायची नाही हां, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतायत म्हणून गोंधळ असेल तर बांबोळीला गोवा डेंटल कॉलेजात दाखवा. रांगेत वेळ जाईल, पण मत तर मिळेल. आणि खर्च विचारताना स्क्रू, वरचा जोड, कॅप, स्कॅन आणि लागलंच तर हाड भरणं, सगळं धरून विचारा, नाहीतर जाहिरातीतला आकडा फक्त स्क्रूचा निघतो.

प्रश्न : मी बोटीवर कामाला आहे, दोन महिन्यांची सुट्टी, परत गेलो की आठ-नऊ महिने. तीन दिवसांत दात अशी जाहिरात बघितली. करून टाकू? सिगरेट ओढतो. – म्हापसा

उत्तर : तीन दिवसांत दात हे खोटं नाही, पण सगळ्यांसाठी नाही. टायटॅनियमच्या स्क्रूला हाड हळूहळू घट्ट चिकटतं, हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना 1952 मध्ये सशाच्या हाडावर प्रयोग करताना कळलं, 1965 मध्ये त्यांनी पहिल्या पेशंटला बसवले आणि त्या माणसाचे 40 वर्षांहून जास्त टिकले. पण चिकटायला साधारण तीन ते सहा महिने जातात. तुमच्या बाबतीत सुट्टीच्या पहिल्या आठवड्यातच स्क्रू बसवून घ्या, टाके काढून एकदा तपासणी झाली की जा, स्क्रू हिरडीखाली झाकलेला राहील, कॅप पुढच्या सुट्टीला. उशीर झाल्याने सहसा काही बिघडत नाही, समुद्राच्या मध्यावर कॅप हलली तर मात्र बिघडतं.

स्क्रूची कंपनी, साइज आणि लॉट नंबरचा स्टिकर असलेलं कार्ड मागून घ्या, फोटो मोबाइलमध्ये ठेवा. उद्या दुसऱ्या देशात दाखवायची वेळ आली तर प्रत्येक कंपनीचे जोड आणि पाना वेगळा असतो, नाव माहीत नसेल तर तिथला डॉक्टर नुसता बघत बसतो. सिगरेट बंद करा, निदान आधीचे काही आठवडे आणि हाड धरेपर्यंत, ओढणाऱ्यांचे इम्प्लांट जास्त फेल होतात. आणि इम्प्लांटला कीड लागत नाही म्हणून ब्रश सैल सोडू नका, भोवतालची हिरडी सुजून हाड खाल्लं जातं आणि दुखत नसल्यामुळे कळतच नाही.

प्रश्न : मुलगा 15 वर्षांचा, फुटबॉल खेळताना पुढचा दात मुळासकट पडला, मैदानात सापडलाच नाही. इम्प्लांट लगेच होईल? – फोंडा

उत्तर : नाही, आणि कोणी करतो म्हटलं तरी करू नका. जबडा वाढतो, बाकीचे दात त्याच्याबरोबर खाली सरकतात, इम्प्लांट हाडात रुतलेला असतो तो तिथेच राहतो, मग चार वर्षांनी तो एकच दात आखूड दिसतो. वाढ पूर्ण होईपर्यंत थांबा, मुलांत ती विशीच्या आसपासही चालते. तोवर शेजारच्या दाताला मागून चिकटवलेला दात किंवा छोटी प्लेट, दोन्ही चालतात. माउथगार्ड घालून खेळू दे. टीममधल्या बाकी पालकांनाही सांगून ठेवा, दात पडला तर मूळ घासायचं नाही, तोंडात दिसतो त्या पांढऱ्या भागाला दात धरायचा, मळला असेल तर हलकं धुऊन जागेवर बसवायचा, जमत नसेल तर थंड दुधात टाकायचा आणि शक्यतो अर्ध्या तासात डेंटिस्ट गाठायचा. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नसतो.