सह्याद्री नसता तर महाराष्ट्राला नेमका काय फरक पडला असता?

पाण्यापासूनच धरा ना. गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवरून, भीमा भीमाशंकरहून, कृष्णा महाबळेश्वरातून, म्हणजे देशावरची शेती बऱ्यापैकी याच डोंगरांच्या जिवावर चाललीये. समुद्राकडून आलेले ढग घाटाला अडतात आणि तिथेच रिकामे होतात, म्हणून एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस आणि माण तालुक्यात जेमतेम ५०० च्या आसपास, तिथे टँकरची वाट बघतात लोकं.

आता साताऱ्याजवळचं फुलांचं कास पठार. २०१२ ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं आणि गर्दी उसळली. तिथे जांभ्या खडकावर मातीचा नुसता पातळ थर असतो, त्यात कस नाही म्हणून सीतेची आसवं नावाचं ते इवलंसं जांभळं फूल आहे ना, ती वनस्पती चक्क बारीक किडे पकडून पोट भरते! आणि आपण रीलसाठी त्यावरच बैठक मारतो, कमाल आहे.

पण पर्यटकांपेक्षा मला जेसीबीची जास्त भीती वाटते. बंगल्यांच्या प्लॉटसाठी, रस्त्यासाठी उताराचा पायथा कापला की वरच्या मातीचा आधारच जातो, मग जुलैत पाणी मुरलं की सगळं खाली. दरडीखाली गेलेली गावंच बघा, माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३, प्रत्येकाची कारणं थोडी वेगळी असतील पण आधीच नाजूक उतारावर खोदकाम कशाला? पश्चिम घाटाच्या, म्हणजे सह्याद्रीच्या पर्यावरणावरच्या गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालात यावर बरंच काही होतं, राजकारण्यांनी गुंडाळून ठेवलं.

तुम्ही ‘डोंगर टच’ प्लॉट बघत असाल तर आधी मागचा उतार कापलाय का ते बघा, बिल्डर सांगणार नाही.