चार्म, ग्लॅमर, अल्युअर : तिन्हींना 'मोहकता' चालेल का?

'नटीच्या ग्लॅमरपेक्षा तिचा चार्म लोकांना अधिक भावला' हे वाक्य मराठीत कसे आणावे आणि चार्म, ग्लॅमर, अल्युअर या तिन्हींना 'मोहकता' हा एकच शब्द चालेल का, असे आपण विचारले आहे. कोशापुरता तो चालेल. अनुवादात मात्र तोकडा पडेल, कारण या शब्दांची कुळे वेगवेगळी आहेत.

'चार्म'चे मूळ लॅटिन 'कार्मेन', म्हणजे गाणे, पद्य आणि मंत्रसुद्धा. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ मंत्रतंत्र असाच होता. ताईतालाही पुढे तेच नाव पडले. 'एन्चांट'मध्येही लॅटिनमधले गाणेच आहे, म्हणून तिथे आपला 'मंत्रमुग्ध' चपखल बसतो.

'ग्लॅमर' हा चक्क 'ग्रामर'चा, म्हणजे व्याकरणाचा, सख्खा भाऊ आहे. मध्ययुगीन युरोपात व्याकरण म्हणजे लॅटिन विद्या, आणि निरक्षरांच्या लेखी पोथी वाचणाऱ्याला जादूटोणाही येत असणारच! (व्याकरणाच्या तासाला पेंगणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना हे कधीच पटले नाही.) स्कॉटलंडच्या बोलीत 'र'चा 'ल' झाला आणि शब्दाला अर्थ आला तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर टाकलेल्या भुलीचा. १९व्या शतकाच्या आरंभी वॉल्टर स्कॉटच्या लेखनामुळे तो इंग्रजीत रुळला. गारुड्याची 'नजरबंदी' ती हीच.

'अल्युअर' मात्र शिकारखान्यातला आहे. उडालेल्या ससाण्याला परत बोलावण्यासाठी दोरीला पिसांचा झुबका बांधून फिरवीत आणि त्यावर मांसाचा तुकडा लावीत. त्या साधनाच्या फ्रेंच नावावरून हा शब्द आला. आपल्या 'आमिष'चा मूळ अर्थही मांसच, हे 'निरामिष' म्हणताना आठवावे.

'फॅसिनेट' आपण विचारलेला नाही, तरी सांगतो. रोमन लोक 'फॅसिनम' नावाचा ताईत मुलांच्या गळ्यात बांधत, तो दृष्ट लागू नये म्हणून. सदाशिव पेठेतील आमच्या वाड्यात आजी तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या ओवाळून शेगडीत टाकी, तीही त्याच भीतीने.

आता आपले वाक्य. मी ते असे करीन : 'नटीच्या झगमगाटापेक्षा तिच्या गोडव्यानेच लोकांना अधिक भुरळ घातली.'