सात साड्यांचे फॉल आणि गाण्याचा एक तास

गोव्यातल्या माशेलच्या एका आईचं पत्र आलंय. थोडक्यात असं :

"मुलगी आठवीत, वय तेरा. आवाज गोड आहे, सगळेच म्हणतात. आठवड्यातून दोनदा खासगी शिकवणी, तासाला पाचशे, म्हणजे महिन्याला चार हजार. मिस्टर खासगी बसवर ड्रायव्हर, मी घरी शिवणकाम करते. आता टीव्हीवरच्या स्पर्धेत गाजलेले एक गायक ऑनलाइन शिकवतात, तासाचे दीड हजार. त्यासाठी पतसंस्थेतून साठ हजार काढावेत का? पूर्वीचे गुरू फुकट शिकवायचे, आता नुसता बाजार झालाय. मुलगी मेहनत कमी करते. मी तिला सारखी सांगते, तुझा एक तास म्हणजे माझ्या सात साड्यांचे फॉल. हल्ली क्लासच्या दिवशी पोट दुखतं म्हणते. घरी गायला बसत नाही, पण मंगळवारच्या भजनाला मात्र देवळात पळते. दहावीनंतर संगीतात करिअर होईल का?"

ताई, कर्ज काढू नका. तो विषय इथेच संपला.

आता सात साड्यांबद्दल बोलू. तुम्ही ते वाक्य सहज लिहून गेलात आणि मी तिथेच अडकले. पोट दुखतं तर आधी डॉक्टरांना दाखवा, ते टाळू नका. पण दुखणं फक्त क्लासच्या दिवशी उठत असेल, तर डॉक्टरांच्या हाती काही लागेल असं मला वाटत नाही. गोव्यातल्या रिक्षांचं मीटर कुणी चालू बघितलेलं नाही. तुमच्या लेकीच्या डोक्यातलं मात्र क्लासात पाऊल टाकल्यापासून पळतंय. एक सूर चुकला, अर्धा फॉल गेला. पलटा, म्हणजे सुरांचा सराव, पुन्हा घ्यावा लागला, एक साडी गेली. गाणं शिकायचं म्हणजे दुसऱ्यासमोर पुन्हा पुन्हा चुकायचं. मीटर पळत असलं की मूल तेवढंच गातं जेवढं त्याला आधीपासून येतं, आणि घरी येऊन गप्प बसतं. तुम्हाला वाटतं ती मेहनत करत नाही. मला वाटतं ती घाबरलीय.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे वडील पगाराच्या दिवशी पेटीच्या फीचं पाकीट माझ्याच हातात द्यायचे आणि देताना एक उसासा टाकायचे. रागावले कधीच नाहीत. पण त्या उसाशापायी मी नववीत पेटी सोडली आणि कारण सांगितलं अभ्यासाचं. पेटी अजून कपाटावर आहे. तेव्हा आजपासून फीचा आकडा तुम्हा दोघांतच राहू दे. पैसे मास्तरांना तुम्ही द्या, मुलीच्या हाती नको.

ते फुकट शिकवणाऱ्या गुरूंचंही एकदा बघू, कारण हा गैरसमज आपल्याकडे फार लाडका आहे. थोर शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर आपल्याच फोंडा तालुक्यातल्या, केरीच्या, जन्म 1892 चा. लहानपणी कोल्हापूरला अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने, मग परत गोव्यात येऊन लामगावला गायक रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे, अशी त्यांची तालीम तुकड्यातुकड्याने झाली. जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांनी 1921 साली त्यांना गंडा बांधला, म्हणजे शिष्या करून घेतलं, ते कडक अटींवर, आणि त्या अटींत पैशांच्याही अटी होत्या. स्वतः खाँसाहेब कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारात गवई होते, म्हणजे त्यांची चूल दरबाराच्या पगारावर पेटत होती. गुरू फी घेत नसेल, तर त्याचं पोट कुणी संस्थानिक नाहीतर सावकार भरत असे. तेही नसलं, तर शिष्य घरचं पाणी भरून आणि भांडी घासून ते ऋण फेडत असे. तुमच्या तेरा वर्षांच्या पोरीने कुणाच्या घरी अशी 'सेवा' करावी, असं मी मेले तरी सांगणार नाही. त्यापेक्षा पाचशे रुपयांचा व्यवहार स्वच्छ.

व्यवहार म्हटला की त्याबद्दल बोलताही येतं. तुम्हाला लाज वाटते ती "फी कमी करा" म्हणायची, आणि ती वाटायलाच हवी, कारण मास्तरांचंही घर ह्या तासांवरच चालतं. त्यांचा दर पाडू नका. तास कमी करा. सरळ सांगा, "महिन्याला हजार रुपये आम्हाला झेपतात, त्यात कसं बसवाल?" पंधरा दिवसांतून एक तास बसतो. किंवा त्यांच्याच दुसऱ्या विद्यार्थिनीबरोबर जोडीने बसवलं, तर फी वाटून घेता येईल. तास फोनवर रेकॉर्ड करून घ्यायची परवानगी मागा. तानपुऱ्यासाठी मोबाइलवर फुकट ॲप मिळतं, रोज अर्धा तास पुरे. मास्तर नाही म्हणाले, तर राग धरू नका, दुसरे बघा. शाळेत संगीत शिक्षक आहेत का, हे तुम्ही पत्रात लिहिलंच नाही. असतील तर पहिलं त्यांना भेटा. पणजीला कला अकादमीत भारतीय संगीताचे वर्ग चालतात आणि माशेलहून पणजी काही मुंबई नव्हे. मिस्टर बसवरच आहेत, वेळापत्रक त्यांना माझ्यापेक्षा ठाऊक.

हजाराचा आकडा मी उगाच नाही काढला. केंद्र सरकारच्या सीसीआरटीची, म्हणजे सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची, सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती आहे, 10 ते 14 वर्षांच्या शाळकरी मुलांसाठी. वर्षाला 3,600 रुपये आणि वर गुरूच्या फीपोटी 9,000 रुपयांपर्यंत. बेरीज 12,600, म्हणजे महिन्याला हजाराच्या किंचित वर. चार हजारांच्या शिकवणीला ती पुरणार नाही, पंधरवड्याच्या तासाला मात्र बरोबर पुरते. पण निवड चाचणीतून होते, मिळेलच असं धरून चालू नका. आणि वय निघून चाललंय, हे ध्यानात ठेवा.

टीव्हीवाल्या गायकाबद्दल दोनच वाक्यं. स्पर्धा गाजवणं आणि आठवीतल्या मुलीचा षड्ज लावून घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. आणि फोनवर आवाज थोडा उशिरा पोचतो, त्यामुळे गुरूबरोबर एकत्र गाताच येत नाही. दीड हजारात तुम्ही नेमकी तीच गोष्ट गमवाल.

राहिलं मंगळवारचं भजन. पत्रात ते तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंत! ताई, अख्ख्या पत्रात तीच एक चांगली बातमी आहे. तिथे तिला पेटीच्या पट्टीत आवाज मिळवावा लागतो, भजनी ठेक्यात आठ मात्रा सांभाळाव्या लागतात, बुवांनी घेतलेली ओळ ऐकून लगेच उचलावी लागते. चुकलं तर दहा आवाजांत झाकलं जातं. ही तालीमच आहे, फक्त पावती मिळत नाही. आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचं उदाहरण घ्या. चर्चच्या शाळेत मेस्त, म्हणजे संगीताचे मास्तर, गावच्या पोरांना एकत्र बसवून सोल्फा, म्हणजे त्यांचं सारेगम, आणि व्हायोलिन शिकवत, आणि त्याच गावांतून मुंबईच्या सिनेमासंगीताला वादक मिळाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल व्हायोलिन त्यांच्याकडे शिकले. एकेकट्याचा महागडा तास म्हणजेच खरं शिक्षण, हे अलीकडचं खूळ आहे. भजनाच्या बुवांना भेटा, मुलीला एखादा अभंग पुढे बसून म्हणायला द्या म्हणावं. चवथीला, गणपतीत, घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरतीत हात घालायचा असेल, तर तेही करू दे.

करिअरचा प्रश्न आत्ता नको. गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा हळूहळू देत राहावं. बारावीनंतर मनात असलंच तर पणजीतल्या आल्तिनोचं गोवा कॉलेज ऑफ म्युझिक आहे. आठवीत एवढं पुरे.

मला उलट टपाली दोन गोष्टी कळवा. मुलीची जन्मतारीख, म्हणजे शिष्यवृत्तीच्या वयात किती दिवस उरलेत ते बघता येईल. आणि येत्या मंगळवारी तिच्याबरोबर देवळात जाऊन बसा, हातात शिवण न घेता, आणि तिने काय म्हटलं ते लिहा. घरी बंद पडलेला तिचा आवाज तुम्ही शेवटचा कधी ऐकलात, हे पत्रात कुठेच नाही.