चौघांनी एका खोलीत बसून वाजवा

वाचकांचे प्रश्न, सॅक्सोफोनवादकाची उत्तरं

प्रश्न : मी इचलकरंजीचा. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. मोबाइलवर जॅझ ऐकून वेड लागलंय. कीबोर्ड, बेस गिटार आणि ड्रम वाजवणारे तीन मित्र सोबत आहेत, पण इकडं शिकवणारं कुणी नाही. मुंबईला जाऊन राहू का? आणि स्वतःच्या चाली रेकॉर्ड करायच्या तर स्टुडिओचं भाडं कुठून आणू?

उत्तर : मुंबईला ऐकायला जरूर जा, राहायला जायची घाई करू नका. तीन मित्र तुमच्यासोबत वाजवायला तयार आहेत, ही गोष्ट मुंबईत विकत मिळत नाही. जॅझ शिकवण्यानं येतं त्याहून जास्त त्याच त्याच माणसांबरोबर वाजवत राहिल्यानं येतं. चाळिशी उलटल्यावर हे मला पुरतं पटलं आणि आता त्यावर माझा ठाम विश्वास आहे.

अमेरिकेतले जॅझ बँडप्रमुख आणि रचनाकार ड्यूक एलिंग्टन यांचं पाहा. हॅरी कार्नी हा बॅरिटोन सॅक्सोफोनवाला १९२७ साली त्यांच्याकडं आला आणि १९७४ मध्ये एलिंग्टन गेले तोवर त्यांच्याच बँडमध्ये राहिला. बिली स्ट्रेहॉर्न १९३९ पासून १९६७ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत त्यांच्यासोबत चाली बांधत होता. एलिंग्टन नुसतं ‘ट्रम्पेटसाठी’ लिहीत नसत, त्या खुर्चीवर बसलेल्या माणसासाठी लिहीत. कूटी विल्यम्स या ट्रम्पेटवाल्यासाठी त्यांनी १९४० मध्ये एक अख्खी रचना बांधली, तीही त्याच्या नावानं. कुणाचा श्वास कुठं संपतो, कुणाचा खालचा सूर दाट लागतो, हे ठाऊक असल्याशिवाय असं लिहिता येत नाही. आणि ते ठाऊक व्हायला सोबत राहावं लागतं.

आम्ही चौघं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात जमतो. बेसवाल्याचं तिथं वर्कशॉप आहे. लेथ बंद झाली, बावऱ्या (धातूचा कीस) झाडून बाजूला सारल्या की खुर्च्या मांडायच्या. पत्र्याचं छप्पर फार घुमतं, म्हणून भिंतींवर घरातल्या जुन्या वाकळा टांगल्यात. आमचा ड्रमवाला लहानपणापासून हलगी वाजवत आलाय, कुस्तीच्या मैदानातली. त्याच्या मनगटात जो ठोका आहे तो कुठल्याही पुस्तकातून आलेला नाही. म्हणून मी एक चाल अशी बांधली की सुरुवातीला तो एकटाच स्नेअर ड्रमच्या कडेवर हलगीसारखं वाजवतो, बेस मागून येतो, आणि माझा सॅक्स त्या दोघांत जागा मिळेल तेव्हाच बोलतो. कीबोर्डवाला भजनी मंडळात पेटी वाजवून तयार झालेला. त्याला सूर भरभरून वाजवायची सवय, म्हणून त्याच्या स्वरलिपीच्या कागदावर मी मुद्दाम रिकामी मात्रा जास्त ठेवतो. दुसऱ्या कुणी ती चाल वाजवली तर ती दुसरीच होईल, आणि मला ते हवंच आहे.

तुम्हीही तसंच करा. पहिली चाल बारा मापांची ब्लूज घ्या. ब्लूज हा जॅझच्या मुळाशी असलेला साचा, आणि माप म्हणजे मात्रांचा एक गट. प्रत्येक माप चार मात्रांचं, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. पहिली चार मापं ‘सा’च्या कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले सूर), मग दोन ‘म’वर, दोन परत ‘सा’वर, एक ‘प’वर, एक ‘म’वर, शेवटची दोन ‘सा’वर. तिन्ही कॉर्डमध्ये त्या त्या कॉर्डचा कोमल नी घाला, लगेच ब्लूजचा रंग येईल. बँडमधलं क्लॅरिनेट बहुधा बी-फ्लॅटचं असतं. तुमचंही तेच असेल तर तुमचा कागद कीबोर्डच्या कागदापेक्षा एक पूर्ण स्वर वर लिहा, म्हणजे कीबोर्डचा बी-फ्लॅट तुमच्या कागदावर सी. लग्नाच्या मिरवणुकीत जोर पहिल्या मात्रेवर पडतो. इथं टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्यायची. चौघांनी वाद्यं खाली ठेवून नुसत्या टाळ्यांवर चाल गुणगुणा. ठेका अंगात मुरला की बोटांचं काम निम्मं होतं.

बँड मात्र सोडू नका. भर उन्हात चालत चालत तासन्‌तास फुंकायचं, घोड्यापुढं गर्दीत सूर सांभाळायचा, याला जी छाती लागते ती तुम्ही कमावलीय. मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये ज्या गोव्याच्या वादकांनी नाव काढलं, त्यांतले कितीतरी जण गावच्या चर्चच्या शाळेत स्वरलिपी वाचायला शिकले होते. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्याच परंपरेतले, सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’च्या (१९५१) गाण्यांत त्यांचा हात होता. हॉटेलात जॅझ वाजवायचं आणि सिनेमासाठीही वाजवायचं, हे त्यांनी मनापासून केलं. वरातीत वाजवणं कमी दर्जाचं, असं कुणाला म्हणू देऊ नका.

आता रेकॉर्डिंग. स्टुडिओत प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसवतात, कारण मग प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र मिळतो आणि चूक नंतर एकट्याची सुधारता येते. सोय आहे, पण तुमच्या पहिल्या रेकॉर्डिंगसाठी ती नको. एका खोलीत, एकमेकांचे डोळे दिसतील असे बसा. हातात मावणारा, दोन माइकांचा एखादा रेकॉर्डर मिळाला तर भाड्यानं आणा. तो मध्ये ठेवा आणि आवाजाचा तोल खुर्च्या हलवून साधा: ड्रम लांब, बेसचा अँप्लिफायर थोडा जवळ, तुम्ही रेकॉर्डरच्या बाजूला किंचित तिरपे. एक मिनिट वाजवून ऐका, खुर्ची सरकवा, परत वाजवा. याला अर्धी दुपार लागली तरी लागू द्या. क्लिक, म्हणजे कानात ठेका देणारी यांत्रिक टिकटिक, लावू नका. चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदम घ्या. दोन-तीनदा घेऊन थांबा, बाहेर जाऊन चहा प्या, आणि ऐकताना चुका मोजू नका. ज्या खेपेला चौघं एकमेकांचं ऐकत होते ती खेप ठेवा, मग तुमची एखादी जागा निसटली असली तरी चालेल.

अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं ‘काइंड ऑफ ब्लू’ हे जॅझचं गाजलेलं ध्वनिमुद्रण असंच झालं. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत, २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत. माइल्सनं वादकांपुढं सुरावटींचे नुसते आराखडे ठेवले होते. पण वादक कोण? सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन आणि कॅननबॉल अ‍ॅडर्ली, पियानोवर बिल एव्हान्स! एवढ्या थोड्या कागदावर वाजवता येतं, कारण समोरचा कसा विचार करतो हे माहीत असतं.

प्रश्न : मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. लहानपणापासून देवल क्लबच्या मैफली ऐकत आले. नातू जॅझ लावतो, पण त्यात नेमकं काय ऐकायचं ते मला समजत नाही.

उत्तर : आजी, तुमचा कान तयार आहे. जयपूर-अत्रौलीची गायकी ज्या गावानं अल्लादिया खाँसाहेबांकडून ऐकली, त्या गावचा कान आहे तो. सुरुवातीला सगळे मिळून जी धून वाजवतात ती बंदिशीच्या मुखड्यासारखी धरा. पुढं तीच आवर्तनं फिरत राहतात, तेच कॉर्ड त्याच क्रमानं येतात, आणि त्यावर एकेक वादक स्वतःचा विस्तार करतो. शेवटी मुखडा परत येतो. मोठ्या आवाजाच्या वाद्याकडं लक्ष देऊ नका, खालचा बेस धरा. तो चालत राहिलेला ऐकू आला की आवर्तन कुठं आलं ते आपोआप कळेल. नातवाला ‘काइंड ऑफ ब्लू’मधली पहिलीच रचना लावायला सांगा, तिच्यात मुखडा बेसच विचारतो आणि बाकीचे त्याला उत्तर देतात.