लोणारची लवणासुराची कथा काय आहे, आणि ती तिथे नेमकी कुठे पाहायची?

लोणार म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलं उल्केच्या खड्ड्यातलं खारं तळं आणि त्याकाठचं गाव. लवणासुराला शत्रुघ्नाने मारलं, मग लोणारला देऊळ विष्णूचं कसं, असा प्रश्न अनेकांना पडतो. इथे दोन लवणासुरांची गल्लत झाली आहे. शत्रुघ्नाने मारला तो रामायणातला, मधूचा मुलगा, मथुरेकडच्या मधुवनातला. लोणारचा वेगळा.

हा जमिनीखालच्या गुहेत राहायचा आणि गुहेच्या तोंडावर झाकण ठेवायचा, त्यामुळे त्याचा पत्ता कुणाला लागेना. विष्णूने देखण्या तरुणाचं रूप घेऊन त्याच्या दोन बहिणींना भुलवलं, जागा काढून घेतली, पायाच्या अंगठ्याने झाकण उडवलं आणि आत झोपलेल्या असुराला संपवलं. लोणारचं विवर म्हणजे ती गुहा, तळ्यातलं पाणी म्हणजे त्याचं रक्त आणि खार म्हणजे मांस. नैऋत्येला कित्येक कोसांवर असलेली एक टेकडी म्हणजे ते झाकण.

झाकणाचा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण एवढा मोठा खड्डा पडला तर त्यातलं गेलं कुठे, हा प्रश्न तेव्हाही कुणाला तरी पडला होता. प्रत्यक्षात उल्काघाताने उडालेला दगडमातीचा राडारोडा काठाभोवती साधारण दीड किलोमीटरपर्यंतच पसरला आहे. ती टेकडी दख्खनच्या इतर टेकड्यांसारखीच, झिजून उरलेली. खड्डा ज्वालामुखीचा नाही, उल्केचाच, याचा भक्कम पुरावा म्हणजे 1973 साली जाहीर झालेलं मास्केलिनाइट. ही प्रचंड दाबाखाली तयार होणारी काच आहे.

पाहायला सुरुवात गावातल्या दैत्यसूदन, म्हणजे विष्णूच्या, मंदिरापासून करा. मूर्तीच्या पायाखाली असुर आहे आणि सभामंडपाच्या छतावर दैत्यवधाचे प्रसंग कोरलेत. आत अंधार असतो. टॉर्च नेली नाही तर छत न बघताच परत याल, बहुतेकांचं तेच होतं. मेच्या मध्यास काही दिवस सूर्यकिरणं थेट मूर्तीवर येतात, पण तेव्हा ऊन जाळतं.

मग काठावरच्या धारेवरून, म्हणजे झऱ्यापासून, खाली तळ्याकाठच्या कमळजादेवीच्या देवळाकडे. पाण्यात बोटं बुडवून चोळली की साबण लागल्यासारखी बुळबुळीत होतात, कारण पाण्याचा सामू (pH) दहाच्या आसपास आहे, म्हणजे ते चांगलंच अल्कधर्मी आहे. हा खार पूर्वी काढला जाई. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी असे त्याचे प्रकार होते. साबण आणि काच बनवायला तो लागतो, हे अकबराच्या काळातल्या ऐन-इ-अकबरी या ग्रंथातही आलंय. देवळाजवळच्या सासू-सुनेच्या विहिरीत एका बाजूचं पाणी गोड, तळ्याकडच्या बाजूचं खारं. त्यामागे चमत्कार नाही, काठाच्या कड्यातून गोडं पाणी झिरपतं आणि तळ्यातून खारं. तळं चढलं की ही विहीर बुडते, म्हणून जायच्या आधी गावात विचारून घ्या.

जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं. रक्ताच्या गोष्टीला शोभेल असा तो रंग होता, पण तो खारप्रिय सूक्ष्मजीवांचा. बाटलीतला नमुना स्थिर ठेवल्यावर ते तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं.

लोणारच्या मोठ्या मारुतीच्या देवळात होकायंत्र धरून ‘बघा, सुई फिरली, उल्केचा दगड’ असं सांगणारे भेटतील. आपल्या काळ्या दगडातच मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, त्यामुळे साध्या कातळाजवळसुद्धा सुई हलू शकते. दर्शन जरूर घ्या, होकायंत्र खिशात ठेवा.